मलप्रभेच्या काठाने सायकलवरून

मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावते. हे स्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंच आहे. तेथून ३०४ किलोमीटर वाहत जाऊन ती कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. संगमाची उंची सुमारे ४८८ मीटर. भूगोलाच्या पुस्तकात हे आकडे एका ओळीत येतात, परीक्षेपुरते पाठ होतात आणि निकालाबरोबर विसरले जातात. त्यांची वजाबाकी करून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ७९२ मधून ४८८ वजा केले असता ३०४ उरतात. म्हणजे ३०४ किलोमीटरांच्या वाटचालीत ही नदी ३०४ मीटर खाली उतरते, दर किलोमीटरला सरासरी एक मीटर. अर्थात ही सरासरी झाली. उगमापाशी उतार अधिक असतो आणि पुढे तो मंदावत जातो. तरीही हा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण या खोऱ्यातील शेती, घरे, पूर, देवळे आणि भांडणे यांचा उलगडा पुष्कळसा याच एका मीटरावरून होतो.

हे खोरे पाहण्यास सायकलीसारखे दुसरे साधन नाही, असे आमचे मत आहे. मोटारीतून जाणाऱ्यास चढ-उतार कळत नाहीत. ते इंजिनास कळतात. पायी जाणाऱ्यास सारे कळते, परंतु तीनशे किलोमीटर चालावयास सुटी पुरत नाही. सायकलस्वारास मात्र आपले वजन आपल्याच पायांनी वाहून न्यावे लागते, आणि तरी दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर जमीन त्याच्या चाकाखालून जाते. त्यामुळे माती कोठे बदलली, छप्पर कोठे बदलले, बोली कोठे बदलली, हे त्याच्या लक्षात हळूहळू येते. आणि या गोष्टी बदलतातही तशाच हळूहळू.

बेळगावच्या विद्यार्थ्यांना सायकलीचे नाते निराळे सांगावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलींचे लहानसे दुकान काढले. त्या खटपटीतून पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली तो सारा उद्योग किर्लोस्करवाडीस गेला. ज्या रस्त्याला त्यांचे नाव आहे त्या रस्त्याने आमचे विद्यार्थी रोज सायकली हाकतात. त्यांतील कितीजणांस हे ठाऊक असेल, हे विचारावयाचे आम्ही टाळतो.

डिसेंबर महिन्यात मिळालेल्या सुटीत आम्ही तिघे शिक्षक उगमापासून संगमापर्यंत सायकलवरून गेलो. त्या प्रवासातून वर्गात उपयोगी पडेल असे जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

प्रथम थोडे गणित. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरू. रस्ता हजारास एक या प्रमाणात चढत असेल, तर मागे खेचणारी ओढ त्या वजनाचा हजारावा भाग, म्हणजे ८० ग्रॅम वजनाइतकी असते. एखाद्या मोठ्या लिंबाचे वजन एवढे भरेल. रस्ता विसास एक या प्रमाणात चढू लागला की तीच ओढ चार किलो होते. पाण्याने भरलेली लहान कळशी कोणीतरी मागे बांधावी तसे वाटते. नदी ज्या उताराने वाहते तो उतार पायांना कळतच नाही, आणि घाटाचा चढ मात्र पहिल्याच वळणावर कळतो, याचे कारण हे आहे.

आता सायकलीच्या चक्रांकडे पाहा. आमच्या साध्या सायकलीच्या पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते आहेत. पायंडल एकदा पूर्ण फिरले की मागील चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर आहे. म्हणून पायंडलाच्या एका फेऱ्यात आम्ही सुमारे ५.४ मीटर पुढे जातो. विसास एक चढावर तेवढ्यातच २७ सेंटिमीटर उंचीही चढावी लागते. ८० किलोंचे ओझे पायाच्या एका फेऱ्यात वीतभराहून अधिक उचलणे हे काम सोपे नव्हे. म्हणूनच उभे राहून रेटावे लागते. आमच्यापैकी एकाजवळ गिअरची सायकल होती. तिचा सर्वांत हलका गिअर लावला असता पुढे २८ व मागे ३२ दाते येतात, तिच्या थोड्या लहान चाकाने एका फेऱ्यात १.८ मीटरच अंतर कापले जाते आणि उंची चढते अवघी नऊ सेंटिमीटर. पायांवरचा भार त्यामुळे तिपटीने कमी झाला. परंतु पाय तिपटीने फिरवावे लागले. गिअर म्हणजे कष्ट कमी करण्याची युक्ती अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. वर चढवावयाचे ओझे तेच आणि उंचीही तीच, तेव्हा एकूण काम तेवढेच राहते. गिअर ते काम लहान लहान हप्त्यांत फेडू देतो, इतकेच.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीस जाणारा रस्ता पुढे चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो. बेळगावची उंची सुमारे ७५० मीटर, कणकुंबीची ७९० च्या आसपास. कागदावर पाहिले तर चाळीस मीटरांचाच चढ, तोही चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत! असा हिशेब करून जो निघेल त्याची जांबोटीपर्यंतच फसगत होईल. कारण रस्ता सरळ चढत नाही. तो लाटांसारखा चालतो. एका ओढ्यापर्यंत उतरावयाचे, पूल ओलांडावयाचा, पुन्हा तेवढेच चढावयाचे, आणि माथ्यावर दम घेतो न घेतो तोच पुढचा उतार. उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यापर्यंतही पुरत नाही, कारण वेग वाढला की हवेचा अडसरही वाढतो आणि मिळकत तेथेच खर्च होते. दोन गावांच्या उंचीतील फरक आणि त्यांमधील एकूण चढ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात फळ्यावर शिकवावयास आम्हांला अर्धा तास लागतो. या रस्त्यावर ते दहा मिनिटांत समजते.

तांबड्या जांभ्या दगडाचा हा प्रदेश. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस रान, मध्येच खाचरे, उतरत्या कौलांची घरे. कणकुंबीस माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम मानतात; तेथे कुंड आहे. येथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आसपास असेल. एखादा पक्षी सकाळी निघाला तर न्याहारीस समुद्रावर पोहोचेल. पण मलप्रभेचे पाणी त्या समुद्राकडे पाठ फिरवते, कृष्णेस मिळते, आणि सारे दख्खन ओलांडून आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते.

आणि याच कणकुंबीच्या परिसरातून कळसा नाला निघतो, तो मात्र पश्चिमेकडे जातो आणि म्हादईस मिळतो. म्हादई खानापूर तालुक्यातीलच देगावच्या रानात उगम पावते, सह्याद्रीवरून खाली झेपावते आणि गोव्यात मांडवी होते. पाणी वाटणारा तो डोंगरमाथा पाहावयास आम्ही मोठ्या उत्सुकतेने गेलो. एखादी भिंत, एखादी धार, काहीतरी ठसठशीत दिसेल अशी मनात कल्पना होती. प्रत्यक्षात एक साधा उंचवटा आहे. सायकल त्यावरून केव्हा गेली तेही कळत नाही. थोडेसे पायंडल मारणे थांबले की समजावे, आपण पलीकडच्या खोऱ्यात आलो.

या उंचवट्यावरून दोन राज्यांत किती वर्षे वाद चालला आहे हे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी वळवून मलप्रभेत आणावे, कारण हुबळी-धारवाडास पिण्याचे पाणी हवे आणि मलप्रभेवरची धरणाची शेती तहानलेली आहे, असे कर्नाटकाचे म्हणणे. म्हादईचे पाणी तोडले तर खालची राने सुकतील, मांडवीत खारे पाणी वर चढेल, असे गोव्याचे म्हणणे. २०१० साली केंद्र सरकारने लवाद नेमला. २०१८ साली त्याने निवाडा दिला व कर्नाटकास म्हादईच्या खोऱ्यातील १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिले, त्यांतील ३.९ अब्ज घनफूट मलप्रभेत वळवावयाचे होते. निवाड्यानेही वाद मिटला नाही. कणकुंबीजवळ कालव्याचे खोदकाम झालेले दिसते. ज्यांच्या घरी कोंकणी बोलतात आणि ज्यांची शाळा बेळगावात आहे, अशा आमच्यासारख्यांस येथे उभे राहून सरळ एक बाजू घेणे अवघड जाते. ते आम्ही येथे करणारही नाही. परंतु विद्यार्थ्यांस एक सांगावेसे वाटते: या प्रश्नावर बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो उंचवटा पाहिला आहे. तो इतका सखल नसता तर पाणी वळविण्याची कल्पनाच कोणाला सुचली नसती.

उंचवट्याच्या दोन बाजूंस ओढ्याची नावेही बदलतात. घाटाखाली आमच्या कोंकणीत त्यास ‘व्हाळ’ म्हणतात आणि नदीस ‘न्हंय’. जांबोटी-खानापुराकडे तो ‘नाला’ किंवा ‘ओढा’ होतो. पुढे बैलहोंगलाकडे गेले की त्याचा ‘हळ्ळ’ होतो आणि नदीची ‘होळे’. हा बदल नेमका कोणत्या मैलाच्या दगडापाशी होतो हे आम्ही शोधावयाचे ठरविले होते. तसा दगड नाही. खानापुराच्या पुढे काही गावे अशी लागली की पारावर बसलेला म्हातारा ‘ओढा’ म्हणे आणि त्याच्याच शेजारचा गृहस्थ ‘हळ्ळ’ म्हणे, आणि दोघेही एकाच पाण्याबद्दल बोलत असत.

खानापूर कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. नदीने आणून टाकलेली चिकण माती आणि जवळच्या रानातील जळण, या दोहोंवर तो धंदा वाढला. गावाजवळ असोगे येथे नदीकाठी रामलिंगेश्वराचे देऊळ आहे. नदी तेथे खडकांमधून वाहते. सायकली झाडाला टेकवून तास दोन तास बसावे अशी जागा. आम्ही पाऊण तासच बसलो, कारण पुढे नंदगड व हलशी गाठावयाचे होते.

नंदगड येथे २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णास इंग्रजांनी फाशी दिले. प्रजासत्ताकाचा दिवस आणि हा दिवस एकच यावा हा केवळ योगायोग, परंतु त्या गावात २६ जानेवारीस दोन्ही स्मरणे एकदम होतात. समाधीजवळ वडाचे झाड आहे, आणि लोक तेथे नवस बोलतात.

हलशीचा रस्ता पुन्हा लाटांचा आहे. गाव लहान, शांत. बाहेरून पाहता हे कधी राजधानीचे ठिकाण असेल असे कोणास वाटणार नाही. हलशीचे जुने नाव पलाशिका. पाचव्या शतकात बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी होती. त्यांचे संस्कृत ताम्रपट येथे सापडले आहेत. त्यांवरून कळते की मृगेशवर्म्याने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधविले. राजे वैदिक परंपरेचे, दान जैनांस. पुढे काही शतकांनी याच नावाचा एक वंश गोव्यात राज्य करू लागला. चांदोर, मग गोवापुरी ही त्यांची मुख्य नगरे. ‘कोंकण ९००’ आणि ‘पलसिगे १२०००’ असे प्रांत त्यांच्या ताब्यात होते. पलसिगे म्हणजेच ही हलशी. त्यांची कुलदेवता सप्तकोटीश्वर. नार्वे येथे ज्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला तोच हा देव. गोव्याच्या सरकारी बसगाड्यांवर आजही कदंबांचे नाव असते, पण त्या बसने जाणाऱ्या आमच्या आप्तांस त्या कदंबांचे अर्धे राज्य घाटावर होते हे सांगितले तर खरे वाटत नाही.

हलशीचे भूवराह-नरसिंहाचे देऊळ बाराव्या शतकातील गोव्याच्या कदंबांचे. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात भूवराहाची उंच मूर्ती आहे. सभामंडपात मध्यभागी उभे राहिले की एका देवाकडे तोंड करताना दुसऱ्याकडे पाठ होते. ही अडचण आम्ही तेथील एका वृद्ध बाईंपाशी बोलून दाखविली. त्या म्हणाल्या, “बाजूला सरून उभं राहायचं, बाळांनो. दोघंबी दिसतात.” त्या मराठी बोलत होत्या, आणि आपल्या नातीस हाक मारली ती कानडीत.

नंदगडावरून बीडी या गावाच्या वाटेने कित्तूरकडे जाता येते. कित्तूरच्या अलीकडे काही किलोमीटरांवर दुसरे देगाव लागते. म्हादईच्या उगमाजवळचे देगाव आणि हे देगाव यांत घोटाळा करू नये. येथे कमलनारायणाचे देऊळ आहे. गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी, तिने ते ११७४ साली बांधविले. शिल्पकाराचे नाव तिप्पोज. राण्यांनी देवळे बांधल्याचे उल्लेख आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण बांधणाऱ्या कारागिराचे नाव आठ-नऊशे वर्षे टिकावे हे भाग्य क्वचितच घडते. तीन गाभारे, काळसर दगड, खांबांवर असे नाजूक कोरीव काम की ते पाहण्यास बोटाने चाचपून पाहावे लागते. भोवती शेते, एक कडुनिंब, आणि आम्ही गेलो तेव्हा आम्हां तिघांखेरीज दुसरे कोणी नव्हते. आमच्या मते या साऱ्या प्रवासातील सर्वांत कमी प्रसिद्ध आणि सर्वांत पाहण्यासारखे स्थळ हेच. मोटारी महामार्गाने कित्तूरचा किल्ला पाहून परत जातात. त्यांना हे देऊळ लागत नाही.

कित्तूर येथे २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्माच्या सैन्याने धारवाडचा कलेक्टर थॅकरे यास ठार केले. त्या डिसेंबरात इंग्रज पुन्हा मोठ्या फौजेनिशी आले आणि किल्ला पडला. राणी बैलहोंगलास कैदेत राहिली व तेथेच १८२९ साली निवर्तली. हा इतिहास पुस्तकात आहे, म्हणून येथे लांबवीत नाही.

कित्तूर सोडले की जमीन बदलते. तांबडी माती मागे राहते, काळी सुरू होते. महामार्गावर एम. के. हुबळी येथे मलप्रभा पुन्हा भेटते. बसवेश्वरांची पत्नी गंगांबिका हिचे ऐक्यस्थान येथे नदीच्या पात्रातच आहे. पुढे खाचरे संपून ऊस, ज्वारी व कापूस दिसू लागतो. गावांच्या नावांच्या शेवटी ‘वाडी’ ऐवजी ‘कोप्प’ आणि ‘हाळ’ येऊ लागते. आणि छपरे पाहा: कणकुंबीस कौलांचा उतार इतका तीव्र की पाणी क्षणभर थांबू नये, खानापुरास तो जरा सौम्य, सौंदत्तीच्या पुढे घरांवर सपाट मातीची माळवदे, त्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या. दीडशे-दोनशे किलोमीटरांत पावसाचे मान तीन हजारांवरून सहाशे मिलिमीटरांच्या आसपास येते. पर्जन्यमानाचा नकाशा छपरांनीच काढून ठेवला आहे.

याच भागात सायकलस्वारास एक इशारा द्यावयास हवा. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यास जातो. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंस हातभर बाहेर आलेला असतो. संध्याकाळनंतर या रस्त्यांवर मुलांनी सायकल घालूच नये. आम्ही सूर्य मावळण्याच्या आत मुक्काम गाठण्याचा नियम केला होता आणि तो एकदाही मोडला नाही.

बैलहोंगलास पंक्चर काढावयास थांबलो. दुकानदाराने ट्यूब पाण्यात बुडवीत विचारले, “एल्लिंद बंद्री?” कोठून आलात, असे. आम्ही मोडक्या कानडीत उत्तर दिले, तेव्हा त्याने हसून मराठीत सुरुवात केली. तरुणपणी काही वर्षे इचलकरंजीस मागावर होता म्हणे. आम्ही नदीच्या उताराने चाललो आहोत, तेव्हा पुढचा प्रवास सोपा जाईल, असे सांगताच तो म्हणाला, “मास्तर, उताराचं सोडा. ह्या दिवसांत वारा तिकडून येतो. पहाटे निघा, नऊ वाजेपर्यंत जेवढं जाल तेवढंच तुमचं.”

त्याचे बोलणे अक्षरशः खरे ठरले. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारास समोरून ताशी १० किलोमीटरांचा वारा लागला, तर हवेच्या दृष्टीने त्याचा वेग २५ झाला. २५ चा वर्ग ६२५, १५ चा २२५. म्हणजे अडसर पावणेतीनपट झाला. त्यापुढे उताराने दिलेल्या ८० ग्रॅमांच्या मदतीची काय कथा! सौंदत्तीच्या उघड्या माळावर आम्ही उतारावरही पायंडल मारीत होतो.

सौंदत्तीजवळ टेकड्यांची एक रांग आडवी येते आणि मलप्रभा ती कापून पलीकडे जाते. या खिंडीस नविलुतीर्थ म्हणतात. कानडीत नविलु म्हणजे मोर. १९७० च्या दशकात येथे धरण झाले. दोन्ही बाजूंचे खडक इतके जवळ आहेत की धरणाची भिंत आखूड असूनही मागे मैलोगणती पाणी साठले. उतार किलोमीटरास मीटरभर असला म्हणजे हेच होते: भिंतीची उंची थोडी, पण पाणी मागे पसरतच जाते. डोंगरावर रेणुका-यल्लम्मा. मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेस कोल्हापूर-सांगलीकडील आणि धारवाडकडील यात्रेकरू एकाच रस्त्याने वर चढतात, आणि ‘उदो’चा गजर दोन्ही भाषांत एकच असतो.

रामदुर्ग नदीकाठीच आहे. येथे आणि शेजारच्या नरगुंदास भावे घराण्याची राज्ये होती; १८५८ साली नरगुंदच्या बाबासाहेबांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला व ते फाशी गेले.

यापुढे तांबूस वालुकाश्माचा प्रदेश. बदामी नदीपासून थोड्या अंतरावर आहे. तेथील तिसरे लेणे चालुक्य मंगलेशाने ५७८ साली पुरे करविले. बदामीहून पट्टदकल सुमारे २२ किलोमीटर. तेथे मलप्रभा काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी पवित्र मानतात, आणि चालुक्य राजांचे पट्टाभिषेक तेथे होत, म्हणून ते पट्टदकल. आठव्या शतकात विक्रमादित्य दुसरा याने कांची जिंकली, त्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने जे देऊळ बांधविले तेच आजचे विरूपाक्ष. वेरूळच्या कैलास लेण्यावर त्याचा प्रभाव पुष्कळ अभ्यासक मानतात. याच आवारात उत्तरेकडील पद्धतीची वळणदार शिखरे आणि दक्षिणेकडील पद्धतीची पायऱ्यापायऱ्यांची शिखरे हाकेच्या अंतरावर उभी आहेत. कोणती आपली आणि कोणती परकी, असा प्रश्न त्या कारागिरांस पडला नसावा. १९८७ साली युनेस्कोने या देवळांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभेच्या पुराचे पाणी या देवळांच्या आवारात शिरले. वर सह्याद्रीत कोसळलेला पाऊस मंद उतारावर धावून जाऊ शकत नाही, म्हणून तो काठावर पसरतो. कणकुंबीस जे ढग फुटले त्यांचा हिशेब पट्टदकलच्या पायऱ्यांनी चुकविला.

ऐहोळे येथे टेकडीवर मेगुती नावाचे जैन देऊळ आहे. त्याच्या भिंतीत ६३४ सालचा संस्कृत शिलालेख आहे. तो रचणारा कवी रविकीर्ती स्वतःची तुलना कालिदास व भारवी यांच्याशी करतो. थोडी आत्मप्रौढी म्हणावी, परंतु तिच्यामुळेच कालिदास या सालाच्या अलीकडचा नव्हे हे निश्चित झाले. या लेखात दुसऱ्या पुलकेशीस ९९,००० गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व मिळाल्याचे म्हटले आहे. महाराष्ट्र या नावाचा इतका जुना कोरीव उल्लेख वाचावयास आपणांस पुण्यास किंवा पैठणास न जाता मलप्रभेच्या काठी, कानडी मुलखातील जैन देवळापाशी, जुन्या कानडी लिपीत कोरलेल्या संस्कृत श्लोकांपर्यंत जावे लागते. टेकडीच्या पायथ्याशी सायकली ठेवून आम्ही वर चढलो. लेख वाचता आला नाही, लिपी येत नव्हती. पण आमच्या सोबतच्या संस्कृतच्या शिक्षकांनी पाठ असलेले दोन श्लोक म्हटले, आणि तेथील पहारेकरी ते संपेपर्यंत टोपी हातात घेऊन उभा राहिला.

कूडलसंगम येथे नदी संपते. नारायणपूरच्या धरणाचे पाणी येथवर पसरले आहे, त्यामुळे मलप्रभा कोठे संपली आणि कृष्णा कोठे सुरू झाली हे डोळ्यांस कळत नाही. बसवेश्वरांचे ऐक्यस्थान पाण्याखाली जाऊ नये म्हणून त्याभोवती विहिरीसारखा गोल कठडा उभारला आहे. पायऱ्यांनी खाली उतरून समाधीपर्यंत जावे लागते. आजूबाजूचे पाणी तेव्हा आपल्या डोक्याच्या वर असते.

परतीस सौंदत्तीपर्यंत त्याच रस्त्याने आलो. आता नदीच्या विरुद्ध दिशेने, चढावर. परंतु वारा पाठीशी होता. जाताना जे अंतर काटावयास दोन दिवस लागले होते, ते येताना दीड दिवसात आटोपले.